बिऱ्हाडं हलवताना: पानशेत प्रयोगाच्या नोंदी

८ डिसेंबर

दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा सत्रप्रयोग यंदा रंगमंचावर होणार नाही, याला नाट्यविभागाच्या बैठकीत आज मंजुरी मिळाली. विषय १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. जागा पुण्याच्या नारायण पेठेतला एक दोन चौकी वाडा. मालकांनी मार्चअखेरपर्यंत किल्ली दिली आहे, त्यानंतर वाडा उतरवणार आहेत.

वर्गातली बहुतेक मुलं बाहेरगावची. लकडी पुलावरून रोज जातात, पण तो पूल एकदा पाण्याखाली गेला होता हे त्यांतल्या एकालाच माहीत होतं, तेही आजोबांकडून ऐकून. विषय तिथेच पक्का झाला.

प्रेक्षकाने खुर्चीत न बसता प्रयोगाच्या आत वावरायचं, ही कल्पना मुलांना परदेशी व्हिडिओंतून माहीत आहे. लंडनच्या पंचड्रंक या नाट्यसंस्थेने प्रेक्षकांना मुखवटे घालून इमारतीभर मोकळं सोडलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. मी त्यांना रामनगरच्या रामलीलेबद्दल सांगितलं. तिथे एक प्रसंग संपला की हजारो माणसं उठून पुढच्या प्रसंगाच्या जागी चालत जातात. गोंधळाची आठवण करून दिली. घरी गोंधळ घातला की आलेला माणूस दिवटीत तेल घालतो, उदो म्हणतो, नुसता बघत बसत नाही. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या अंगणमंचात नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात असायचे, तेही बोलणं झालं. मला मुखवटेवाला प्रेक्षक नको आहे. लपून बघणारा माणूस या विषयाला उपयोगाचा नाही. चेहरा दिसणारा, नाव विचारता येईल असा माणूस हवा.

१२ डिसेंबर

आज फक्त माहिती जमवली. भिंतीवर कागद लावून १२ जुलैचा दिवस तासांनुसार मांडला.

आंबी नदीवरचं पानशेत धरण मातीचं, काम अपुरं असतानाच त्यात पाणी साठवलेलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. त्यांनी धरण काही तास तगवलं म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं आणि त्यामुळे किती जीव वाचले याची गणती नाही. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि दुपारी ते ऐंशी वर्षांहून जुनं दगडी धरणही गेलं. शहराला पिण्याचं पाणी खडकवासल्यातूनच यायचं. म्हणजे पुराचं पाणी ओसरल्यावर नळ कोरडे.

कागदाकडे बघत एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग हे एका लाटेत झालंच नाही. लोकांकडे वेळ होता."

हो, आणि आमचं नाटक त्या वेळेतच आहे. पाणी पेठांत शिरलं, चढत गेलं, आणि त्या तासांत प्रत्येक घराने काही ना काही ठरवलं. निघायचं की थांबायचं, कुठे जायचं, काय उचलायचं. मी वहीत एवढंच लिहून ठेवलं की पाणी दाखवायचं नाही, ठरवणं दाखवायचं.

१५ डिसेंबर

वाड्याची मापं घेतली. दिंडी दरवाजातून आत आलं की ओसरी, मग पहिला चौक, भोवती पडवी. माजघरातून दुसऱ्या चौकात, तिथे आड. आडावर लोखंडी जाळी आहे, ती वेल्डिंग करून पक्की करून घ्यायची. माडीवर जाणारा जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस चढेल.

ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तुळया ठोकून पाहिल्या. पुढची माडी ठीक, पण एका वेळी बारापेक्षा जास्त प्रेक्षक नकोत. मागची माडी बंद. त्याने खडूने फुली मारली आणि मुलांनी लगेच तिथे दोर बांधला. प्रेक्षकसंख्या या बारावरून ठरेल.

२० डिसेंबर

पेठेतल्या आणि गोखलेनगरातल्या जुन्या माणसांना भेटून आलो. पूरग्रस्तांसाठी नंतर ज्या वसाहती उठल्या त्यांत गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं सगळ्यांच्या तोंडी. पुनर्वसनाचं काम हाती घेणाऱ्या स. गो. बर्वे यांचं नाव तर तीन पिढ्या ओलांडून आलेलं दिसलं.

मुलांना एक नियम घालून दिला होता. "तुम्हाला काय वाटलं?" असं विचारायचं नाही, "तेव्हा हातात काय होतं?" असं विचारायचं. या एका प्रश्नाने काम केलं. एक आजोबा म्हणाले, हातात धाकटा भाऊ आणि खांद्याला दप्तर, दप्तरात भिजू नये म्हणून आईने कोंबलेलं मंगळसूत्र. एक आजी म्हणाल्या, "मी लोणच्याची बरणी उचलली. घरात सोनं होतं, पण मी बरणी उचलली. अजून कळत नाही का." त्यांनी हे सांगितलं आणि चहाचा कप खाली ठेवायच्या विसरून गेल्या. ऐकणाऱ्या मुलीने तो हळूच त्यांच्या हातातून घेतला.

काहींनी सांगितलं की सकाळी माणसं नदी बघायला पुलावर गेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी आल्याची अफवा उठली आणि लोक पर्वतीकडे धावले, हेही एकाहून अधिक जणांकडून ऐकलं.

कुणाचंही बोलणं जसंच्या तसं वापरणार नाही, नाव घेणार नाही, आणि प्रयोगाआधी ज्याचा त्याचा भाग त्यांना वाचून दाखवू. हे मुलांनीच सुचवलं.

३ जानेवारी

मुलांनी त्यांच्या मनाप्रमाणे पहिला आराखडा करून दाखवला. संपूर्ण अंधार, चार कोपऱ्यांत स्पीकर, पाण्याचा घोंघाट, वरून स्प्रेने तुषार, किंकाळ्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रेक्षक म्हणून आणलं होतं.

आवाज दमदार होता, मेहनत उघड दिसत होती. प्रेक्षक मात्र पहिल्या दोन मिनिटांतच एकमेकांचे हात धरून हसायला लागले, मग मोबाइलचे टॉर्च निघाले. घाबरवलं की माणूस स्वतःला सांभाळायला लागतो, समोरच्याकडे बघत नाही. ते हसू टिंगलीचं नव्हतं, अंग चोरून घ्यायची ती एक रीत होती.

चर्चा तासभर चालली. दिग्दर्शन बघणारी मुलगी सगळ्यात जास्त या आराखड्यात गुंतलेली, आणि तिनेच फळ्यावर लिहिलं: प्रेक्षकाच्या हाताला काम नाही. उद्यापासून घोंघाटाची फाइल बंद.

७ जानेवारी

नवी रचना. चोवीस प्रेक्षक, सहा-सहा जणांची चार बिऱ्हाडं. दोन बिऱ्हाडं खाली, दोन माडीवर, म्हणजे बाराचा हिशेब जमला. प्रत्येक बिऱ्हाडात एक विद्यार्थी घरचा: कुठे थोरली सून, कुठे शाळा बुडवून घरी राहिलेला मुलगा, कुठे भाडं थकलेला छापखान्यातला कंपोझिटर, कुठे एकट्या राहणाऱ्या विधवा आत्याबाई. प्रेक्षक त्यांचे नातेवाईक. थोरली सून दारातच म्हणते, "या भावजी, कालच येणार होतात ना?" आणि माणूस नकळत आत शिरतो. अभिनय करायला कुणी सांगत नाही.

आज आत्याबाईंच्या खोलीचा प्रसंग पहिल्यांदा करून पाहिला. देवळीत कंदील, फडताळात डालड्याच्या डब्यात डाळ, पितळी तांबे, शिवणयंत्र, रेडिओ आणि त्याचं लायसन्सचं पुस्तक, कोनाड्यात देवाचे टाक, खिळ्याला नवऱ्याचा कोट. आत्याबाई सहा जणांना सांगतात: मला खालच्या पायऱ्यांवर पाणी दिसतंय, आसऱ्याला शाळेत जायचंय, दोन हातांत मावेल एवढंच घ्या. आणि गप्प बसतात.

पुढची चार मिनिटं संवादच नाही. एकाने रेडिओ उचलला, खाली ठेवला. एकीने डाळीचा डबा घेतला. दुसरी म्हणाली, डाळ शाळेत मिळेल, शिवणयंत्र पोटाला लागेल. दोघांनी यंत्र धरून पाहिलं, जिन्यातून जाईना. कोटाकडे कुणी बघितलंच नाही. शेवटी दाराबाहेर पडताना एका मुलाने वळून तो काढून खांद्यावर टाकला आणि आत्याबाई झालेल्या मुलीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिला सांगून ठेवलंय की कोट कुणी उचलला नाही तरी प्रसंग पुरा आहे. तिने वाट बघायची, सुचवायचं नाही. प्रेक्षकाने काही केलं नाही तर तेही त्याचं उत्तर असतं.

प्रशिक्षित नटाला हे फार जड जातं. शांतता भरून काढायची सवय अंगात मुरलेली. पुढचे दोन आठवडे तालमीत फक्त थांबायचा सराव.

१४ जानेवारी

संक्रांत. निम्मा वर्ग गावी. उरलेल्यांनी जुन्या बाजारातून घागरी आणल्या. तिळगूळ वाड्याच्या मालकांच्या घरी देऊन आलो.

१९ जानेवारी

नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची संहिता. नाटकाचे संवाद लिहिलेले असतात, आमच्या प्रयोगात अर्धे संवाद प्रेक्षकाचे. मग तीन रकान्यांची संहिता केली. पहिल्यात नटाचं ठरलेलं वाक्य, दुसऱ्यात प्रेक्षकाकडून येऊ शकणारा प्रतिसाद, तिसऱ्यात नटाने कुठल्या हद्दीत राहून बोलायचं ते. उदाहरणार्थ, कंपोझिटरला कुणी "धरण कुणामुळे फुटलं?" असं विचारलं तर तो १२ जुलैच्या सकाळी जेवढं माहीत असू शकतं तेवढंच बोलतो. चौकशी आयोग नंतरचे. त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडी नको.

हे काम कागदपत्रासाठी हाती घेतलं, पण मुलांना त्याचा तालमीत फार उपयोग होतोय. मोकळं बोलायचं असेल तर कुंपण आधी घालून घ्यावं लागतं.

वस्तूंचीही अशीच छाननी. नाण्यांत नवे पैसे हवेत, दशमान चलन १९५७ पासूनचं. प्लॅस्टिकची बादली बाद, घागरी आणि पत्र्याच्या बादल्या आल्या.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर वेळेचं गणित. चार बिऱ्हाडांत चार प्रसंग एकाच वेळी चालतात आणि मग सगळ्यांनी पहिल्या चौकात एकत्र यायचं. प्रेक्षकाच्या वागण्यावर कुणाचा ताबा नाही, म्हणून कुठे प्रसंग नऊ मिनिटांत आटपतो, कुठे सोळा मिनिटं चालतो. वॉकी-टॉकी वापरून पाहिले, १९६१ सालच्या माणसाच्या कमरेला ते दिसायला नकोत आणि आवाज तर मुळीच नको.

तोडगा ध्वनी सांभाळणाऱ्या मुलाने काढला. ओसरीवर लंबकाचं घड्याळ. त्याचे टोल वाडाभर ऐकू जातात. पहिल्या टोलाला प्रत्येक नटाने निघायचा विषय काढायचा, दुसऱ्याला वस्तू उचलायला लावायच्या, तिसऱ्याला जिथे असाल तिथून दार उघडायचं. प्रेक्षकाला ते घरातलं घड्याळ वाटतं. टोल मागे बसलेला मुलगा हाताने वाजवतो, चारही दारांवरच्या सहायकांच्या खुणा बघून. प्रसंग रेंगाळला तर टोल उशिरा पडतो.

आज पहिल्यांदा चारही बिऱ्हाडं एका दमात चौकात आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

२ फेब्रुवारी

शिरोळ तालुक्यातली एक मुलगी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरात पाणी होतं. ती आत्तापर्यंत वेशभूषा बघत होती आणि पुराबद्दल एक शब्द बोलली नव्हती. आज उत्तरार्धाची, म्हणजे पाणी ओसरल्यानंतरची तालीम चालू होती आणि एक नट चिखल झाडत असल्याचा अभिनय करत होता. ती कपड्यांच्या ढिगातून उठली.

"असा नसतो गाळ," ती म्हणाली. "झाडता येत नाही. खरवडावा लागतो. दारं फुगलेली असतात, आधी दारच उघडत नाही. फोटोच्या काचेच्या आतपण गाळ असतो. आणि भिजलेल्या धान्याला वास येतो, तो आठ दिवस नाकातून जात नाही."

सगळे ऐकत राहिले. मग कुणीतरी तिला तो प्रसंग करशील का विचारलं. ती नाही म्हणाली, आणि मी विषय तिथेच थांबवला. अनुभव आहे म्हणून भूमिका गळ्यात पडता कामा नये. उत्तरार्ध बसवण्याचं काम मात्र तिने मागून घेतलं. आजपासून त्या भागाची दिग्दर्शक ती.

९ फेब्रुवारी

तिचा उत्तरार्ध असा. दुसऱ्या चौकात आडाभोवती गोणपाटं अंथरलेली. प्रेक्षक बसतात, प्रत्येकासमोर गाळाने माखलेलं एक भांडं, मूठभर राख, चिंच, काथ्या. बादलीत पाणी थोडंच. नळ कोरडे आहेत, आडाचं पाणी सगळ्या वाड्याला पुरवायचंय. घासायचं, एवढंच. कुंभाराकडून आणलेली माती आणि काव कालवून गाळ केला, तो आदल्या रात्री भांड्यांवर वाळवला की खऱ्यासारखा धरतो.

घासताना माणसं बोलायला लागतात. समोरासमोर बसवून "बोला" म्हटलं तर दोन वाक्यांपलीकडे कुणी जात नाही. हात गुंतले, नजर भांड्यात असली, की शेजारच्या अनोळखी माणसाला माणूस स्वतःच्या घराबद्दल सांगतो. आज विभागातले कर्मचारी प्रेक्षक होते. एक काका तळेगावच्या घराच्या वाटण्यांबद्दल बोलत राहिले आणि शेजारी बसलेला विद्यार्थी फक्त "मग?" म्हणत राहिला. पहिल्या प्रसंगात थांबायला शिकलेलं इथे कामी येतंय.

माझ्या मते संपूर्ण प्रयोगातली सर्वांत ताकदीची जागा हीच आहे. हिच्यात नाट्यगृहात दाखवण्यासारखं काही नाही. ती वाड्यातच होऊ शकते, आणि एकमेकांना न ओळखणारी सहा माणसं गोणपाटावर बसली तरच.

१६ फेब्रुवारी

बाहेरच्या प्रेक्षकांसमोर चाचणी. लोणच्याच्या बरणीवाल्या आजी नातीबरोबर आल्या. त्यांना खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात घेतलं, जिना नको म्हणून. आधी फोनवर सगळं सांगितलं होतं: काय होईल, काय होणार नाही, कधीही उठून ओसरीवर येता येईल.

थोरल्या सुनेच्या खोलीत वस्तू उचलायची वेळ आली तेव्हा आजींनी काहीच उचललं नाही. त्या सुनेला म्हणाल्या, "तू आधी पायात काहीतरी घाल बाळा, पाण्यात काचा असतात." हे वाक्य आमच्या कुठल्याही रकान्यात नव्हतं. सून झालेली मुलगी क्षणभर थांबली, वाकली आणि चपला शोधायला लागली. बाकीचे पाचही जण आपापल्या पायांकडे बघायला लागले. तिथून पुढे त्या खोलीत नाटक असं राहिलंच नाही, सगळे तयारीला लागले होते.

भांडी घासताना आजी नातीला राख कशी धरायची ते दाखवत होत्या. निघताना मला म्हणाल्या, "बाई, पाण्याचा आवाज ठेवला नाहीत ते बरं केलंत." चपलांचं वाक्य त्यांना विचारून संहितेत घेतलं. आता सून ते स्वतः कुणा ना कुणाला सांगते.

२२ फेब्रुवारी

तांत्रिक रन. लाकडी वाडा, त्यामुळे उघडी ज्योत नाही. कंदिलांत बॅटरीचे दिवे, काचेला आतून थोडी काजळी. चार अग्निशामक नळकांडी, दोन्ही दारं प्रयोगभर उघडी. आडाच्या जाळीवर उभं राहून खात्री केली.

ओसरीवर कायम एक विद्यार्थी, कुठलीही भूमिका नसलेला. कुणाला नको वाटलं, दम लागला, रडू आलं, तर हातातली वस्तू जिथे असेल तिथे खाली ठेवून ओसरीवर यायचं. कुणी का म्हणून विचारणार नाही. पाणी, पंखा, बसायला खुर्ची. ही भूमिका मुलांना आधी दुय्यम वाटत होती. आता तिच्यासाठी पाळ्या लावल्यात, कारण प्रत्येकालाच एकदा तरी ती करायची आहे.

प्रेक्षकानेही नटाला कुठवर हात लावायचा हे दारातच सांगायचं ठरलं. मुलींनी ते वाक्य स्वतः लिहिलं: "वस्तूंना खुशाल हात लावा, माणसांना विचारून."

१ मार्च

प्रयोग सुरू झाले. वाड्याच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. तिसरी घंटा नाही, घड्याळाचा टोल.

पहिल्या दिवशी कंपोझिटरच्या बिऱ्हाडातल्या एका गृहस्थांनी निघायलाच नकार दिला. "मी थांबतो, तुम्ही जा," म्हणून ते खाटेवर बसून राहिले. संहितेच्या दुसऱ्या रकान्यात ही शक्यता होती, पण त्यांचा ठामपणा नव्हता. कंपोझिटर त्यांच्याशेजारी बसला. घड्याळवाल्याने टोल लांबवला. मग खालच्या चौकातून बाकीची तीन बिऱ्हाडं एकत्र हाका मारायला लागली, प्रेक्षकांसकट, आमच्या कुणीही न सुचवता. गृहस्थ उतरले. चौकात लोकांनी त्यांचं बोचकं हातातून घेतलं.

५ मार्च

अंतर्गत मूल्यमापन. बहिःस्थ परीक्षक आत्याबाईंच्या बिऱ्हाडात होते, भांडंही घासलं. नंतर गुणपत्रिका समोर ठेवून आम्ही बराच वेळ बोललो. वाचिक, आंगिक, आहार्य, म्हणजे बोलणं, हालचाल, वेशभूषा, हे रकाने छापलेले आहेत, पण आत्याबाई चार मिनिटं गप्प बसते त्याचे गुण कशात धरायचे? त्यांनी शेरा म्हणून ते सविस्तर लिहिलं. पुढच्या वर्षी या प्रकारच्या प्रयोगासाठी "प्रेक्षकाला दिलेला प्रतिसाद" हा स्वतंत्र रकाना असावा असा प्रस्ताव अभ्यास मंडळाकडे पाठवते आहे. टोल वाजवणाऱ्या आणि ओसरीवर बसणाऱ्या मुलांनाही त्यात गुण मिळाले पाहिजेत.

१२ मार्च

शेवटचा प्रयोग काल झाला. आज आवराआवर. घागरी, घड्याळ, शिवणयंत्र विभागाच्या खोलीत. भांडी ज्यांच्याकडून आणली त्यांना परत, घासून.

गोखलेनगरातल्या एका पूरग्रस्त सोसायटीने प्रयोग त्यांच्या आवारात करण्याबद्दल विचारलंय. वाडा नसेल, आड नसेल, दोन खोल्यांची घरं आणि मधलं मैदान. शिरोळच्या मुलीने जागा पाहून येण्याची तयारी दाखवली आहे. तिचं म्हणणं, तिथे पूर्वार्ध करूच नये. त्या लोकांनी घर सोडणं पुरेसं पाहिलंय. नव्या जागेत चूल मांडण्यापासून सुरुवात करावी आणि शेजाऱ्यांनी एकमेकांना पहिल्यांदा काय विचारलं ते शोधावं. मला पटलं. रविवारी चार मुलं तिच्याबरोबर जातील, पुन्हा जुन्या माणसांना भेटायला, हातात काय होतं ते विचारायला.